अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉलचा पहिला हंगाम: आठ आठवड्यांचा हिशेब

९ फेब्रुवारी २०१९ च्या रात्री टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या अलामोडोम मैदानात सॅन डिएगोचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, माइक बर्कोविची चेंडू घेऊन मागे सरकला. पास कुणाला द्यावा याचा अंदाज तो घेत असतानाच प्रतिस्पर्धी संघाचा शॉन वॉशिंग्टन मोकळ्या वाटेने धावत आला आणि त्याने त्याला असा तडाखा दिला की शिरस्त्राण डोक्यावरून निघून हवेत उडाले. फाउल झाल्याची खूण असलेला पंचांचा पिवळा रुमाल पडला नाही. अलामोडोममधले २७,८५७ प्रेक्षक एका आवाजात ओरडले, बर्कोविची उठून उभा राहिला, आणि त्या काही सेकंदांची चित्रफीत रात्रभर समाजमाध्यमांवर फिरत राहिली. अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल नावाची नवी व्यावसायिक लीग देशभर माहीत झाली ती या एका तडाख्यामुळे. बरोबर ५२ दिवसांनी, २ एप्रिल रोजी, तीच लीग पहिला हंगामही पूर्ण न करता थांबली.

हे परीक्षण त्या अपुऱ्या हंगामाचे आहे. अमेरिकेत वसंत ऋतूतील फुटबॉलचे प्रयोग वारंवार होतात आणि बहुतेक वेळा बुडतात, त्यामुळे अलायन्सची नोंदही 'आणखी एक फसलेला प्रयत्न' अशा एका ओळीत उरकली जाते. मला ते अन्यायाचे वाटते. पडद्यावर दिसणारा खेळ आणि त्याची मांडणी या दोन्ही गोष्टी पैसे मोजून पाहाव्यात इतक्या चांगल्या होत्या. त्या विकणारे दुकान मात्र भांडवलाशिवाय, आणि माझ्या मते किमान एक वर्ष आधी, उघडण्यात आले.

लीगची घोषणा मार्च २०१८ मध्ये झाली. दूरचित्रवाणी निर्माता चार्ली एबरसोल आणि बफेलो व इंडियानापोलिस या संघांची बांधणी केल्याबद्दल हॉल ऑफ फेममध्ये गेलेले बिल पोलियन हे तिचे संस्थापक. एनएफएल या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या फुटबॉल लीगचा हंगाम फेब्रुवारीत सुपर बोल या अंतिम सामन्याने संपतो आणि तेव्हा पुढचे सहा महिने फुटबॉलवेड्या देशाला फुटबॉल मिळत नसे. ही पोकळी भरून काढायची आणि एनएफएलच्या दारात अडकलेल्या खेळाडूंना मैदान मिळवून द्यायचे, अशी त्यामागची कल्पना. ऑर्लँडो, अटलांटा, बर्मिंगहॅम, मेम्फिस, सॅन अँटोनियो, सॅन डिएगो, सॉल्ट लेक आणि अॅरिझोना असे आठ संघ ठरले. त्यांपैकी अटलांटा आणि अॅरिझोना वगळता कुठेही एनएफएलचा संघ नव्हता, आणि सॅन डिएगोतला होता तो दोनच वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला निघून गेला होता. खेळाडूंचे वाटपही विचारपूर्वक केले होते. शक्य तेथे, खेळाडू ज्या महाविद्यालयातून आला त्याच्या आसपासच्याच संघाकडे तो दिला जाई, म्हणजे प्रेक्षकाला पहिल्याच दिवशी मैदानावर ओळखीची नावे दिसत.

आता खेळाच्या नियमांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण या लीगची खरी कमाई तिथे आहे.

अमेरिकन फुटबॉलचा सामना किकऑफने सुरू होतो. एक संघ चेंडू दूर लाथाडतो आणि तेव्हाच्या नियमांनुसार दोन्हीकडचे खेळाडू पूर्ण वेगाने एकमेकांच्या अंगावर धावत जात. या खेळातील गंभीर दुखापतींचा मोठा वाटा याच प्रसंगाचा असे. अलायन्सने किकऑफ सरळ काढून टाकला आणि चेंडू २५ यार्डांच्या रेषेवर ठेवून खेळ सुरू केला. पहिल्या सामन्यात मला क्षणभर काहीतरी हरवल्यासारखे वाटले, दुसऱ्या आठवड्यात मात्र त्याची आठवणही आली नाही. टचडाउननंतर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेल्यावर, लाथ मारून मिळणारा सोपा जादा गुणही रद्द झाला. प्रत्येक टचडाउननंतर संघाने पुन्हा गोलरेषा ओलांडून दोन गुण मिळवण्याचा प्रयत्न करायचा, अशी सक्ती होती. त्यामुळे एरवी प्रेक्षक ज्या वेळी जागेवरून उठतो, नेमकी तीच वेळ सामन्यातील उत्कंठेची ठरू लागली.

याहून धाडसी बदल ऑनसाइड किकचा होता. पिछाडीवरच्या संघाला चेंडू परत मिळवण्यासाठी जुन्या खेळात एक आखूड, उसळती लाथ मारावी लागते आणि उरलेले सारे नशिबावर सोडावे लागते. अलायन्सने त्याऐवजी संघाला स्वतःच्या २८ यार्डांच्या रेषेवर एकच संधी दिली. एका डावात, म्हणजे एकाच चालीत, १२ यार्ड पुढे जा, चेंडू तुमचाच राहील; चुकलात तर तो प्रतिस्पर्ध्याला तुमच्या गोलरेषेच्या जवळ मिळेल. सतरा किंवा अधिक गुणांची पिछाडी असेल किंवा शेवटची पाच मिनिटे उरली असतील तेव्हाच ही संधी घेता येई. यात नशिबाची जागा कौशल्याने घेतली, आणि मागे पडलेल्या संघाचा क्वार्टरबॅक बाकावर बसून लाथ बघत राहण्याऐवजी स्वतः मैदानात उतरून झुंजू लागला. त्याच वसंतात डेन्व्हरच्या संघाने यासारखाच नियम एनएफएलच्या मालकांपुढे मांडला. तो फेटाळला गेला. मला तो आजही किकपेक्षा न्याय्य वाटतो.

बरोबरी झाल्यास प्रत्येक संघाला दहा यार्डांवरून चढाईची एकेक संधी मिळे आणि त्यात फील्ड गोल, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळवायचा गोल, मारायला मनाई होती. दोन डावांमधला अवधी एनएफएलच्या ४० सेकंदांऐवजी ३५ सेकंदांचा होता. जाहिरातींसाठी खेळ थांबवणे बंद झाल्यामुळे, तीन तासांहून अधिक लांबणाऱ्या एनएफएलच्या सामन्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला हा खेळ विलक्षण सुटसुटीत वाटे. रविवारी संध्याकाळी सामना पाहून उठल्यावर हाताशी वेळ शिल्लक राहणे ही सोय किरकोळ नाही.

परंतु मला विचाराल तर या हंगामातील सर्वांत मोलाची गोष्ट पंचांच्या खोलीत होती. २० जानेवारी २०१९ रोजी, म्हणजे लीग सुरू होण्याच्या तीनच आठवडे आधी, न्यू ऑर्लिन्स आणि लॉस एंजेलिस यांच्यातील एनएफएलच्या निर्णायक सामन्यात बचावपटूने चेंडू येण्यापूर्वीच पास झेलणाऱ्या रिसीव्हरला आडवे केले होते. ते साऱ्या देशाने पाहिले आणि पंचांनी मात्र फाउल दिला नव्हता. ती जखम ताजी असताना अलायन्सने 'स्काय जज' म्हणजे वरच्या कक्षात बसलेला एक अतिरिक्त पंच नेमला. मैदानातल्या पंचांच्या नजरेतून निसटलेली उघड चूक तो तत्काळ दुरुस्त करू शकत असे. त्याशिवाय निर्णयाचा फेरआढावा सुरू झाला की आढावा घेणाऱ्या पंचाचा चेहरा आणि आवाज थेट प्रक्षेपणात यायचा. हा कोन दाखवा, जरा मागे घ्या, इथे गुडघा टेकला आहे का पाहा, चेंडूवर ताबा आहे, निर्णय कायम: असे शब्द घरी बसलेल्या प्रेक्षकाच्या कानावर पडत. पूर्वी याच वेळात समालोचक अंदाज बांधत आणि आपण वैतागत असू. आता निर्णय आपल्या बाजूने लागो वा विरोधात, तो कसा झाला हे कळत होते. मी या खेळाचे प्रक्षेपण अनेक वर्षे पाहत आलो आहे आणि प्रेक्षकाला इतक्या आदराने वागवणारी दुसरी कोणतीही गोष्ट त्यात मला आठवत नाही.

खेळाच्या दर्जाबद्दल प्रामाणिकपणे लिहायचे तर तो एनएफएलच्या तोडीचा नव्हता, आणि उणीव नेमकी कुठे आहे हे पहिल्या आठवड्यातच दिसले. आठही संघांनी जानेवारीत सॅन अँटोनियोत एकत्र सराव केला, पण क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या पाच धिप्पाड खेळाडूंच्या फळीला एकमेकांची लय समजायला महिनाभर पुरत नाही. एका वेळी पाचांपेक्षा अधिक बचावपटूंनी क्वार्टरबॅकवर चाल करू नये असा नियम असूनही बर्कोविचीसारखे क्वार्टरबॅक वारंवार जमिनीवर पडत होते. पहिल्या रात्रीचा अलामोडोममधला सामना १५-६ असा संपला. दुसऱ्या दिवशी बर्मिंगहॅमने मेम्फिसला २६-० असे हरवले. मेम्फिसचा खेळ तर कित्येकदा पाहवत नसे.

त्याच वेळी ऑर्लँडोचा संघ पाहणे हा निर्भेळ आनंद होता. फ्लोरिडाच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मोठे नाव कमावलेले स्टीव्ह स्परियर तिथे प्रशिक्षक होते, आणि सत्तरी ओलांडलेल्या या माणसाच्या आखणीत एखाद्या तरुणाचा खट्याळपणा होता. पहिल्याच सामन्यात त्यांच्या रिसीव्हरने पास फेकला आणि क्वार्टरबॅक गॅरेट गिल्बर्टने तो झेलून टचडाउन केला. अटलांटाविरुद्धचा तो सामना त्यांनी ४०-६ असा जिंकला. आठ सामन्यांत सात विजय मिळवून ऑर्लँडो सर्वांत पुढे राहिला. बर्मिंगहॅमकडून ट्रेंट रिचर्डसनने धावून ११ टचडाउन केले. प्रत्येक धावेत त्याला सरासरी तीन यार्डही मिळत नव्हते, पण गोलरेषेजवळ तो अडवता येत नव्हता. आणि अटलांटाचा किकर यंगहो कू याने १४ पैकी १४ फील्ड गोल मारले. हरणाऱ्या संघाच्या किकरकडे सहसा कोणी पाहत नाही, पण त्याच्या प्रत्येक लाथेतला सारखेपणा पाहताना हा माणूस इथे फार दिवस राहणार नाही असे वाटायचे.

बर्मिंगहॅमविषयी येथे थोडे थांबायला हवे. अलाबामातील या शहराने १९७४ मध्ये वर्ल्ड फुटबॉल लीगचा संघ पाहिला, १९८३ मध्ये यूएसएफएलचा, १९९५ मध्ये कॅनेडियन लीगचा, २००१ मध्ये एक्सएफएलचा आणि २०१९ मध्ये अलायन्सचा. यातली एकही लीग तिथे टिकली नाही. दर वेळी नवे नाव, नवे रंग, नवे चिन्ह, आणि लीजन फील्डच्या त्याच जुन्या पायऱ्यांवर पुन्हा येऊन बसणारी माणसे. नवी लीग काढणाऱ्यांनी आपल्या हिशेबाच्या वहीत अशा प्रेक्षकांची निष्ठा जमेच्या बाजूला मांडलेली असते. ती खर्ची पडते तेव्हा भरपाई करायला कोणी पुढे येत नाही.

आता पैशांकडे वळतो. प्रत्येक खेळाडूशी तीन वर्षांचा अडीच लाख डॉलरचा करार होता: पहिल्या वर्षी ७० हजार, दुसऱ्या वर्षी ८० हजार आणि तिसऱ्या वर्षी एक लाख, आणि त्यात पुढच्या रकमेची हमी नव्हती. त्या वर्षी एनएफएलमधील नवख्याचे किमान वेतन ४ लाख ९५ हजार डॉलर होते, आणि नुसत्या सराव संघातील खेळाडूलाही आठवड्याला किमान ८ हजार मिळत. म्हणजे अलायन्सचे खेळाडू स्वस्तात मिळालेले होते. तरीही प्रत्येक संघात ५२ या हिशेबाने आठ संघांचे ४१६ खेळाडू धरले तर एका वर्षाचे केवळ त्यांचे वेतन २ कोटी ९० लाख डॉलरच्या घरात जाते. त्यावर मोठमोठ्या मैदानांची भाडी, प्रशिक्षक, प्रवास, विमा आणि प्रक्षेपण. विम्याचा तर असा पेच झाला की फ्लोरिडातील कामगार भरपाईच्या नियमांमुळे ऑर्लँडोच्या संघाला सरावासाठी राज्याची सीमा ओलांडून जॉर्जियात जावे लागले. आणि हे सर्व एकाच तिजोरीतून चालायचे होते, कारण आठही संघ लीगच्याच मालकीचे होते. प्रत्येक शहरात तोटा सोसायची तयारी असलेला एखादा स्थानिक मालक असता तर एक संघ बुडाला तरी सात राहिले असते. इथे एक झरा आटला की आठही विहिरी कोरड्या पडणार होत्या.

आणि तो आटला, तोही पहिल्या आठवड्यानंतर लगेच. खेळाडूंचे पगार वेळेवर झाले नाहीत. वेतन वाटणारी कंपनी बदलल्यामुळे तांत्रिक अडचण आली, असे लीगने सांगितले. १९ फेब्रुवारीला, लीग सुरू होऊन अवघे दहा दिवस झाले असताना, कॅरोलिना हरिकेन्स या आइस हॉकी संघाचे मालक टॉम डंडन यांनी २५ कोटी डॉलर गुंतवण्याचे मान्य केल्याची घोषणा झाली आणि ते लीगचे अध्यक्ष झाले. घोषणेची रक्कम ऐकून मी निर्धास्त झालो होतो, हे मान्य करतो. एवढ्या पैशांत तीन हंगाम सहज निघतील असा माझा हिशेब होता. पण दिलेला शब्द आणि बँकेत जमा झालेला पैसा यांत फरक असतो, आणि डंडन यांच्याकडून प्रत्यक्षात आले ते सुमारे ७ कोटी. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. या लीगच्या संस्थापकांनी प्रेक्षकांसमोर बाकी सारे खरे मांडले होते, नेमकी हीच एक बाजू पोकळ होती.

मार्चच्या अखेरीस डंडन यांनी वृत्तपत्राशी बोलताना सांगितले की एनएफएल खेळाडूंच्या संघटनेने तरुण खेळाडू वापरू दिले नाहीत तर लीग बंद करावी लागेल. एनएफएलच्या राखीव खेळाडूंना वसंतात अलायन्समध्ये खेळवायचे आणि तिला अधिकृत प्रशिक्षण लीगचे रूप द्यायचे, हा मूळचाच हेतू होता. पण त्यासाठी संघटनेला मालकांशी झालेल्या करारातील विश्रांतीच्या आणि सुरक्षिततेच्या अटी सैल कराव्या लागल्या असत्या. माझ्या मते संघटनेची भूमिका योग्य होती. ज्याचे गुडघे आणि खांदे पणाला लागणार आहेत त्याच्या हक्काच्या विश्रांतीवर दुसऱ्याच्या धंद्याचा पाया रचता येत नाही, आणि असा करार हाती नसताना त्याच्या भरवशावर लीग सुरू करणे ही चूक चालवणाऱ्यांची होती.

एवढी घाई का झाली, याचे उत्तर अवघड नाही. व्यावसायिक कुस्तीचे आयोजक विन्स मॅकमॅन यांनी जानेवारी २०१८ मध्येच २०२० साली आपली एक्सएफएल ही फुटबॉल लीग पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली होती, आणि अलायन्सला त्यांच्या आधी मैदान गाठायचे होते. २००१ च्या मूळ एक्सएफएलमध्ये मॅकमॅन यांचे भागीदार होते डिक एबरसोल, म्हणजे चार्ली यांचे वडील, आणि त्या लीगच्या अपयशावर चार्ली यांनी स्वतः माहितीपट केला होता. ज्याने ते अपयश इतक्या जवळून अभ्यासले त्याच्याकडूनच उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असे व्हावे, याचे मला आजही वाईट वाटते. पहिल्या रात्री अलायन्सच्या सामन्यांनी त्याच वेळी चालू असलेल्या एनबीए बास्केटबॉलच्या सामन्यापेक्षाही किंचित अधिक प्रेक्षक खेचले. लोक यायला तयार होते. त्यानंतर बहुतेक सामने केबल वाहिन्यांवर गेले आणि प्रेक्षक ओसरले, पण नव्याचे नऊ दिवस संपल्यावर प्रेक्षक कमी होणार हे गृहीत धरूनच तर भांडवल उभे करायचे असते.

२ एप्रिलला काम थांबल्याचे जाहीर झाले तेव्हा दहापैकी आठ आठवडे झाले होते. ४० पैकी ३२ सामने खेळून झाले होते आणि अॅरिझोना व सॅन अँटोनियो यांच्यात पश्चिम गटाच्या पहिल्या क्रमांकासाठी ५-३ अशी बरोबरी होती. कित्येक खेळाडूंना परगावी असताना ही बातमी कळली आणि घरी परतण्याचे विमानभाडे स्वतःच्या खिशातून भरावे लागले. १७ एप्रिलला लीगने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्यात मालमत्ता १ कोटी १४ लाख डॉलर आणि देणी ४ कोटी ८४ लाख डॉलर दाखवली होती. हातातली रोकड होती ५ लाख ३६ हजार.

तुलनेसाठी मागे पाहावे. १९७४ च्या वर्ल्ड फुटबॉल लीगची आर्थिक दशा इतकी वाईट होती की अंतिम सामना जिंकल्यावर बर्मिंगहॅमच्या खेळाडूंचे गणवेश थकीत बिलापोटी जप्त झाले, तरी अंतिम सामना झाला. १९८३ मध्ये यूएसएफएलचा पहिला हंगाम मिशिगनने फिलाडेल्फियाला २४-२२ असे हरवून संपला. २००१ ची एक्सएफएल तर देशभर टीकेचा विषय झाली होती, पण लॉस एंजेलिसला तिचा करंडक मिळाला. या तिन्हींपेक्षा अलायन्सचे नियम अधिक विचारपूर्वक केलेले आणि प्रक्षेपण अधिक पारदर्शक होते असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तरी विजेता न ठरवता संपलेली लीग या चारांमध्ये तीच एक आहे. ऑर्लँडोच्या खेळाडूंकडे ७-१ ही नोंद आहे, करंडक नाही.

मी गुण द्यायचे तर प्रक्षेपणाला पाचपैकी साडेचार देईन, नियमांना चार, मैदानावरील खेळाला तीन. व्यवस्थापनाला शून्यापेक्षा अधिक देता येत नाही, कारण खेळाडू आणि प्रेक्षक या दोघांना दिलेले पहिले वचन, म्हणजे एक संपूर्ण हंगाम, त्यांनी पाळले नाही. हा खेळ नव्याने समजून घेणाऱ्याने मात्र जुन्या चित्रफितींत ऑर्लँडोचे सामने आणि निर्णयांचे फेरआढावे अवश्य शोधून पाहावेत.

यंगहो कू त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनएफएलच्या अटलांटा फाल्कन्समध्ये गेला आणि २०२० च्या हंगामात ३९ पैकी ३७ फील्ड गोल मारून प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातील निवडक उत्तम खेळाडूंमध्ये, निवडला गेला. ८ नोव्हेंबर २०२० रोजी डॅलसच्या संघाचे पहिल्या पसंतीचे क्वार्टरबॅक उपलब्ध नव्हते, म्हणून तोपर्यंत अपराजित असलेल्या पिट्सबर्गविरुद्ध त्यांनी गॅरेट गिल्बर्टला उतरवले. एनएफएलमध्ये सामन्याच्या अगदी सुरुवातीपासून खेळण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती. डॅलसचा संघ हरेल हे जवळजवळ सर्वांनी धरून चालले होते आणि तो २४-१९ असा हरलाही, पण सामन्याच्या चार सत्रांपैकी तीन उलटून गेली तरी आघाडी त्यांच्याकडे होती. रक्षण करणाऱ्या फळीच्या आड उभा राहून, अंगावर धावून येणाऱ्यांकडे न पाहता, शांतपणे दूरवर पास फेकणारा हा माणूस मी दीड वर्षापूर्वी ऑर्लँडोत पाहिला होता.